चौदाव्या मजल्यावरची आई आणि शमीचे झाड



कार्यकारिणीच्या मागच्या बैठकीत मी एक प्रस्ताव मांडला आणि तो हसण्यावारी गेला. प्रस्ताव साधा होता. नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांतले आपले मासिक कार्यक्रम हॉटेलच्या हॉलमध्ये न घेता एखाद्या बागेत घ्यावेत, आणि हॉलचे जे भाडे वाचेल त्यातून ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्या येण्याजाण्याची सोय करावी. आपले खजिनदार काका म्हणाले, "डॉक्टरबाई, तुम्ही रसायनाच्या डॉक्टर. झाडांच्या कधीपासून झालात?" सगळे हसले, मीही हसले. संपादक मात्र म्हणाले, "मग लिहूनच द्या ना." म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात घरापासून करते. वडील गेल्यानंतर आई सहा महिन्यांसाठी वाईहून आमच्याकडे शारजाला आली. तिकडे तिचा दिवस अंगणात सुरू होतो. तुळशीला पाणी, सडा, शेजारच्या काकूंशी कुंपणावरून दोन शब्द, मग घाटावरून चक्कर. इकडे ती मे महिन्यात आली, म्हणजे आम्ही आणली तीच चुकीच्या वेळी. आमचे घर चौदाव्या मजल्यावर. सकाळी सातला आम्ही दोघे कामावर आणि मुलगा शाळेच्या बसमध्ये. संध्याकाळी परत येईपर्यंत ती, टीव्ही आणि एसीचा आवाज. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारले, "खाली जायचं असेल तर कुणाला विचारावं लागतं गं?" कुणालाच नाही, असे मी सांगितले. पण ती एकटी खाली उतरली नाही. लिफ्टची बटणे, खालची भाषा, रस्त्याची रुंदी, सगळ्याचीच तिला धास्ती वाटे.

दोन महिन्यांत ती गप्प झाली. जेवण कमी, झोप कमी, गुडघे आणि पाठ सतत दुखते म्हणायची. दवाखान्यात नेले, रक्त तपासले, आणि ड जीवनसत्त्व फारच कमी निघाले. मी डॉक्टरीणबाईंना म्हटले, "असं कसं? आई तर रोज सकाळी तासभर खिडकीत उन्हात बसते." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "काच उघडून?"

वाचकहो, त्या क्षणी माझी डॉक्टरेट कुठे तोंड लपवू म्हणत होती. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी साधारण 290 ते 315 नॅनोमीटर लांबीच्या लहरीच त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करतात, आणि खिडकीची साधी काचसुद्धा नेमक्या त्याच लहरी जवळजवळ सगळ्या अडवते. उजेड आत येतो, ऊब येते, पडदे फिके पडतात, पण ड जीवनसत्त्व होत नाही. हे मी पुस्तकात शिकले होते. रंगांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तेव्हा उन्हाने रंग का विटतो हे रोज बघते. तरी स्वतःची आई काचेमागे बसलेली असताना माझ्या ते ध्यानात आले नाही. अमिरातीत वर्षभर ऊन असूनही इथल्या लोकांत या जीवनसत्त्वाची कमतरता फार आढळते, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. कारण उघड आहे. ऊन आहे, पण आपण त्यात नाही. घरातून लिफ्टने तळघरात, तिथून गाडीत, गाडीतून मॉलमध्ये, आणि तसेच परत.

आता काचेच्या आतल्या हवेकडे वळू. हा माझ्या विषयाजवळचा भाग आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर सांगते.

आपल्यापैकी पुष्कळांचा समज असा, की एसी बाहेरची ताजी हवा आत आणतो. घरगुती स्प्लिट एसी तसे काही करत नाही. खोलीतलीच हवा तो पुन्हा पुन्हा गार करतो. दारे-खिडक्या बंद करून एका खोलीत तिघे-चौघे झोपले, की श्वासातून निघणारा कार्बन डायऑक्साइड साचत जातो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण 420 भाग असते. कारखान्यातले मोजायचे छोटे यंत्र एकदा परवानगी काढून मी घरी आणले. पहाटे आमच्या झोपायच्या खोलीतला आकडा 1500 च्या पुढे गेलेला होता. त्याने कुणी दगावत नाही. पण डोके जड होणे, सकाळी उठल्यावर ताजेतवाने न वाटणे, याचे एक कारण तिथे असते. शिवाय कार्बन डायऑक्साइड साचतो म्हणजे हवा बदलत नाही, आणि हवा बदलत नाही म्हणजे बाकीचेही सगळे साचते.

बाकीचे म्हणजे काय? आपण इथे आलो की पहिल्या महिन्यात स्वस्तातली कपाटे आणि पलंग घेतो. ती लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची असतात, आणि भुसा धरून ठेवणाऱ्या डिंकात बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड असते. त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू बाहेर पडतो, आणि उष्णता व दमटपणा वाढला की जास्त पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 साली घरातल्या हवेसाठी याची मर्यादा दर घनमीटरला 0.1 मिलिग्रॅम अशी सांगितली आहे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे हे त्याचे साधे परिणाम. दीर्घकाळ आणि जास्त प्रमाणात संपर्क आला तर तो कर्करोगालाही कारण ठरतो. आता आठवा, जुलै-ऑगस्टमध्ये आपण एसी बंद करून महिना-दीड महिना गावी जातो. बंद घर तापते. परत आल्यावर दार उघडताच जो 'बंद घराचा वास' येतो, त्यात त्या कपाटांचाही वाटा असतो. आणि आपण काय करतो? बॅगा टाकतो, एसी लावतो, उदबत्ती लावतो आणि झोपतो! त्याऐवजी सगळ्या खिडक्या आणि कपाटांची दारे उघडून दोन-तीन तास वारे खेळू द्यावे. घाम येईल, येऊ द्यावा.

दुसरी गोष्ट बुरशीची. माझ्या मुलाला एकदा दोन महिने खोकला होता. औषधे झाली, काढे झाले, सासूबाईंचे फोनवरून ज्येष्ठमध झाले. शेवटी कपाट सरकवले, तर मागची भिंत काळी. एसी 18 वर ठेवलेला, बाहेर ऑगस्टची दमट हवा, ती फटीफटीतून आत येते आणि थंडगार भिंतीवर तिचे दव होते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच. इमारतीच्या देखभालीची माणसे आली आणि त्या काळ्यावर पांढरा रंग मारून गेली. मी रंगाच्याच धंद्यातली असल्यामुळे छातीठोकपणे सांगते, बुरशीवर रंग मारणे म्हणजे दुखत्या दातावर पान खाणे. आम्ही भिंत घासून वाळवली, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतले, एसी 24 वर आणला आणि कपडे खोलीत वाळत घालणे बंद केले. खोकला हळूहळू गेला. सगळेच श्रेय भिंतीला देणार नाही, पण मोठा वाटा तिचाच होता असे मला वाटते.

कुणी म्हणेल, हा सगळा उंच इमारतींचा दोष, जुन्या काळी बरे होते. तसे सरसकट म्हणता येत नाही, पण जुन्या लोकांना हवेची किंमत ठाऊक होती हे खरे. दुबईच्या खाडीकाठच्या अल फहिदी वस्तीत, जिला आपण अजून बस्तकिया म्हणतो, मुलांना एकदा सुट्टीत घेऊन जा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण इराणातून आलेल्या व्यापाऱ्यांनी ती वसवली. प्रवाळाचा दगड आणि चुनखडीसारखा गिलावा, मधोमध चौक, आणि छतावर चारी बाजूंनी उघडा 'बर्जील', म्हणजे वारा पकडून खाली खोलीत सोडणारा मनोरा. गल्ल्या इतक्या अरुंद की एका घराची सावली दुसऱ्याच्या भिंतीवर पडावी. चौक पाहिला की आपला वाडाच आठवतो. वीज नसताना या हवेत माणसे राहिली, ती अशी डोके चालवून.

आपल्या मुंबईनेही हा धडा घेतला, पण फार मोठी किंमत देऊन. 1896 साली मांडवीत प्लेग सुरू झाला आणि दाटीवाटीच्या चाळींत हजारो माणसे गेली. त्यानंतर 1898 साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. वस्तीत समुद्राचा वारा यावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते त्याने काढले. इमारतींसाठी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आला. ऐकायला अवघड वाटतो, पण हिशेब सोपा आहे. इमारतीच्या उंचीच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा तिच्यापुढे असली पाहिजे, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतूनही आभाळ दिसते. पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती याच विचारातून आखल्या गेल्या, आणि शिवाजी पार्कचे मैदान 1925 साली लोकांसाठी खुले झाले. गंमत अशी, की प्लेग मुळात हवेचा नव्हताच, तो उंदरांवरच्या पिसवांचा होता. म्हणजे निदान चुकले. पण क्षयासारखे रोग कोंदट खोलीतल्या हवेतूनच पसरतात, त्यामुळे उजेड आणि वारा वाया गेला नाही. आज शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी टेकलेल्या आजोबांना विचारा, ते मैदान काढून घेतले तर त्यांच्या तब्येतीचे काय होईल.

झाड दिसण्याने खरेच फरक पडतो का? याचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हानियातल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उल्रिच यांनी तपासल्या आणि 1984 साली प्रसिद्ध केल्या. वय वगैरे सारखे असणाऱ्या रुग्णांच्या 23 जोड्या. एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण सरासरीने सुमारे पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधे कमी लागली. अवघे 46 रुग्ण, तेव्हा यावर सगळा डोलारा उभा करू नये, हे मी शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते. पण त्यानंतर याच दिशेचे पुष्कळ काम झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने तर एक मापच सुचवले आहे: घरापासून 300 मीटरच्या आत, म्हणजे पाचेक मिनिटांच्या चालीवर, निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा असावी.

माझा सगळा मुद्दा या 300 मीटरमध्ये आहे. अमिरातीत बागा कमी आहेत अशी तक्रार मी करणार नाही, ती खोटी होईल. साफा पार्क 1975 चा, क्रीक पार्क 1994 चा, झबील पार्क 2005 चा. वाळवंटात, सांडपाणी शुद्ध करून त्यावर हिरवळ जगवणे सोपे नाही. अल ऐनच्या ओअॅसिसमध्ये तर 1,47,000 च्या आसपास खजुरीची झाडे आहेत, फलजच्या पाटांनी पाणी पाजलेली, आणि 2011 पासून अल ऐनची ती सांस्कृतिक ठिकाणे जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण आपल्यासाठी बाग म्हणजे 'सहल'. सहलीला गाडी लागते, गाडी चालवणाऱ्याची सुट्टी लागते, डबे लागतात, आणि मग ती महिन्यातून एकदा, नाहीतर पाहुणे आले की. आरोग्य मात्र सहलीने सुधारत नाही. रोज पंधरा मिनिटे खाली उतरण्याने सुधारते.

आईच्या बाबतीत तेच झाले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, त्या घेतल्याच. पण नोव्हेंबर लागल्यावर आम्ही ठरवले की रोज कुणीतरी तिला खाली न्यायचेच. रस्त्यापलीकडे एक लहानशी बाग आहे. पहिले आठ दिवस मी हात धरून नेले. नंतर तिथल्या बाकावर तिला एक केरळच्या आजी आणि एक लाहोरच्या आजी भेटल्या. तिघींना मिळून धड एक भाषा येत नव्हती. तरी गुडघे, सुना आणि नातवंडे हे विषय तिघींनाही कळत होते. महिन्याभराने मी कामावरून उशिरा आले तर आई चपला घालून दारात उभी, "आज उशीर केलास, त्या दोघी वाट बघत असतील." ती परत झोपू लागली, जेवू लागली. गोळ्यांनी किती केले आणि बाकाने किती, याचे पृथक्करण माझ्या प्रयोगशाळेत होणार नाही.

आता त्या दिवशीच्या आक्षेपांना उत्तर देते. एक सभासद म्हणाले, "आपण इथे चार पैसे मिळवायला आलोय, इथे कायमचं थोडंच राहायचंय." हे वाक्य मी ज्यांच्या तोंडून ऐकते त्यांतल्या कित्येकांना इथे वीस-वीस वर्षे झाली आहेत. व्हिसा तात्पुरता असतो, फुफ्फुसे मात्र तीच असतात. आणि गावी परतून बांधायच्या बंगल्यात ज्या गुडघ्यांनी जिना चढायचा, ते गुडघे इथेच झिजत आहेत.

दुसरा आक्षेप उन्हाळ्याचा. तो मला मान्य आहे. सरकारच 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला बंदी घालते, तिथे आपण आजी-आजोबांना बाहेर काढावे असे कोण म्हणेल? पण नोव्हेंबर ते मार्च हे पाच महिने देवाने दिलेले आहेत, आणि तेही आपण हॉलच्या एसीत काढतो. 2020 च्या एप्रिलमध्ये परवानगीशिवाय घराबाहेर पडता येत नव्हते, तेव्हा आपल्यापैकी प्रत्येकाने बाल्कनीच्या कठड्याला टेकून म्हटले होते, एकदा हे संपू दे, रोज फिरायला जाऊ. ते संपले. आपण गेलो का?

आणि आणखी एक गोष्ट, जी बैठकीत बोलायचा मला धीर झाला नाही. आपल्या कार्यक्रमांना कुटुंबे येतात. पण एका खोलीत सहा-सहा जण राहणारी, कंपनीच्या बसनेच ये-जा करणारी आपली मराठी मुलेही इथे आहेत. बंद हवेचे, अपुऱ्या उजेडाचे जे मी वर लिहिले, ते त्यांच्या वाट्याला माझ्यापेक्षा किती तरी जास्त येते. हॉलच्या तिकिटाचे दिरहॅम त्यांना परवडत नाहीत. बागेतल्या सतरंजीला तिकीट नसते.

शेवटी, शमीच्या झाडाबद्दल. या देशाचे राष्ट्रीय झाड 'गाफ'. वाळवंटात खोल मुळे सोडून फार थोड्या पाण्यावर उभे राहणारे. शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया. हे झाड म्हणजे आपली शमी! जिच्या ढोलीत पांडवांनी शस्त्रे ठेवली, दसऱ्याला जिची पूजा करायला आपले आजोबा गावाची शीव ओलांडून जात, तीच. गावी आता शमी शोधावी लागते, आपण आपट्यावर भागवतो. आणि इथे दुबईच्या मुश्रिफ पार्कमध्ये शमीचे रानच्या रान उभे आहे, त्याखालून आपण गाड्या हाकत जातो आणि आपल्याला पत्ता नाही.

म्हणून माझा प्रस्ताव पुन्हा, आता लेखी. येत्या दसऱ्याचे सीमोल्लंघन मुश्रिफ पार्कमध्ये करावे. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. लाउडस्पीकर नको, थाट नको. जिथे परवानगी लागेल तिथे ती घ्यावी, आणि झाडाचे एक पानही तोडू नये, नुसता नमस्कार करावा. त्यानंतर नोव्हेंबर ते मार्च दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी सात ते नऊ बागेत जमावे. गाड्या असलेल्यांनी आपल्या गाडीतल्या रिकाम्या जागा आधी कळवाव्यात. आणि प्रत्येक इमारतीतल्या एका घराने आपल्याच इमारतीत आलेल्या आई-वडिलांची, सासू-सासऱ्यांची चौकशी करून त्यांना रोज अर्धा तास खाली न्यायची जबाबदारी घ्यावी. या शेवटच्या कामाला मंडळाचा एक दिरहॅमही लागणार नाही, तेव्हा काका, तुमची तरी हरकत नसावी.

आई परत वाईला गेली आहे. परवा फोनवर म्हणाली, "माझ्या त्या दोघी भेटतात का गं तुला? त्यांना सांग, मी थंडीत येते." यावेळी तिचे तिकीट आम्ही नोव्हेंबरचे काढले आहे.

कळावे, लोभ असावा.

— मंडळाची एक कार्यकर्ती, शारजा